अण्णाची खालची कवळी

॥ श्री वीरभद्र प्रसन्न ॥

विष्णुपुरी, नांदेड
दि. १२ ऑगस्ट २०२४

तीर्थरूप अण्णास,

धाकट्या जगदेवीचा पायांवर डोकं ठेवून शरणार्थ. वि. वि.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे अंतर्देशीय पत्र. पोस्टातल्या बाईनं ते शोधायला कपाट उघडलं आणि माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी निजामाच्या वेळचा हाली शिक्क्याचा रुपया मोडून मागतेय. इतके महिने झाले, फोन केला की तुझा संगमेश उचलतो आणि अण्णा झोपलेत म्हणतो. सकाळी झोपलेत, दुपारी झोपलेत, दिवेलागणीलाही झोपलेत. जन्मात कधी दुपारचा आडवा न झालेला माणूस एवढा कसा झोपतो, असं शेवटी मी त्याला खोदून विचारलं, तेव्हा त्यानं सगळं सांगितलं.

शिवरात्रीनंतर आपल्या हंगरग्याच्या जत्रेत शेवटच्या कुस्तीचा पुकारा करताना तुझी खालची कवळी तोंडातून उडाली, माइकवर आपटून मातीत पडली, लोक हसले, आणि कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढून लातूर-उदगीरभर फिरवला. मी तो मागवून पाहिला. तू माइक ठेवून मातीत हात फिरवायला वाकलास, तिथं मी फोन बंद केला. पुढचं मला बघवलं नाही.

तेव्हापासून तू कुठल्या जत्रेला गेला नाहीस, दुकानाच्या गादीवर बसत नाहीस. आमच्या घराच्या वास्तुशांतीला पोटाचं कारण सांगून आला नाहीस, तेही आता कळलं. अण्णा, तुझे दात काय होते ते मला विचार. अप्पांच्या मळ्यात तू उसाचं कांडं दातानं सोलायचास आणि गाभा माझ्या हातात द्यायचास. मला साल लागू नये म्हणून तुझे ओठ कापलेले असायचे. अव्वा ओरडायची की हा पोरगा दातांची माती करून घेणार.

आता कामाचं. माझी सून तनुजा दातांची डॉक्टर आहे हे तुला ठाऊक आहे, पण ती नेमकं कवळ्यांचंच काम करते हे बहुधा नसेल. तिला तुझं सांगितलं. ती म्हणाली की खालच्या जबड्याचं हाड झिजलं की कवळीला धरायला काही उरत नाही, त्यात मामांची चूक नाही. हाडात दोन लहान इम्प्लांट बसवले तर कवळी त्यांवर अडकून राहते. तू एकदा येऊन दाखव. येण्याजाण्याच्या खर्चाचं बोललास तर मी पुन्हा पत्र लिहिणार नाही.

वहिनींना शरणार्थ, नातवंडांना गालगुच्चे. रागावलास तरी चालेल, पण रागावलास हे पत्रानं कळव, आणि माया आहे तेवढी राहू दे.

तुझी
जगू


लातूर
दि. २६ ऑगस्ट २०२४

चि. सौ. जगदेवी हिस,

लातूरहून मलप्पाचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. संगमेशला बोललो न्हाई, त्याला भिऊ नको म्हणून सांग. आत्याला सांगितलं तर काय बिघडलं.

पण तुला एक सांगतो. लोक हसले त्याचं मला काही न्हाई. समोर दुसऱ्या कुणाची कवळी पडली असती तर मी बी हसलो असतो. तुला ठावं हाय, चाळीस वर्षं मी या भागात पुकारा केला. निलंग्याकडं, देगलूरकडं, पार बिदरच्या हद्दीपर्यंत. पैलवान मातीत उतरला की त्याचं गाव, त्याचा वस्ताद, त्याची तालीम, त्याची माय, समदं सांगायचो. आपल्या गावचा व्यंकटी पैलवान अजून म्हणतो की मलप्पा बोलायला लागला की माझी छाती दोन बोटं वाढायची. हलगी थांबायची, अन् माझं बोलणं संपल्यावरच पुन्हा सुरू व्हायची.

त्या दिवशी काय झालं, किल्लारीकडचा एक पोरगा जिंकला. पंचानं त्याचा हात वर धरला. मी त्याचं नाव घ्यायला तोंड उघडलं अन् ते तसं झालं. लोक माझ्याकडं बघून हसून राहिले, अन् तो पोरगा हात वर करून तसाच उभा. त्याचं नाव त्या फडात कुणी ऐकलंच न्हाई. वर्षभर घाम गाळून आला होता गं. ते माझ्या डोळ्यांपुढून जात न्हाई.

आता हाडात भोकं पाडून खुंट्या ठोकायच्या म्हणं. गोठ्यात दावणीला ठोकतात तशा. माझं वय एकाहत्तर, शुगर हाय, अन् बोलायचं तेवढं बोलून झालं. सूनबाईला सांग, तिच्या हाताला लई यश येवो. पण माझ्या तोंडात नको.

दाजींना नमस्कार. तू पत्र लिहीत जा. तुझं अक्षर अजून पाटीवरल्यासारखं गोल हाय, बरं वाटतं.

तुझा
अण्णा


लातूर
दि. १९ सप्टेंबर २०२४

सौ. जगदेवीवन्सं यांना,

शिवकांताचा पदर पसरून शरणार्थ.

वन्सं, मी आजपर्यंत तुम्हाला पत्र लिहिलेलं नाही, सगळं यांच्याच हातून जायचं. हे यांना न सांगता लिहीत आहे.

यांनी तुम्हाला नको म्हणून कळवलं ते मला संगमेशकडून समजलं. पण हे कसे राहतात ते कळवलं नसेल. हे आता आमच्यात जेवत नाहीत. ताट मागच्या खोलीत नेतात, भिंतीकडं तोंड करून बसतात आणि भाकरी दुधात पार लगदा करून गिळतात. कवळी डब्यात पडलेली असते. यंदा गौरीचं जेवण झालं, घरभर पाहुणे होते, आणि हे मागं एकटे. अंगावरचा सदरा मी दोनदा आत घेतला.

लग्न झाल्यापासून माझी एकच तक्रार होती की हा माणूस लई बोलतो. सकाळी दात घासताना सुद्धा बोलायचे. गिऱ्हाइकाला साखर मोजून देताना त्याच्या आज्याची कुस्ती सांगायचे. मी माहेरी जाऊन म्हणायचे की माझे कान किटले. आता घरात आवाज नाही वन्सं. पंखा फिरतो तेवढाच. मी काही विचारलं तर मानेनं सांगतात.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मात्र ते दोनदा वाचून उशीखाली ठेवलं. म्हणून वाटतं, पत्रानं नाही तर तुम्ही स्वतः आलात तर येतील. दसऱ्याला या. मी पाठवलं असं म्हणू नका.

तुमची वहिनी
शिवकांता


नांदेड
दि. २१ ऑक्टोबर २०२४

ती. मामांस,

तनुजाचा वाकून नमस्कार. वि. वि.

आई दसऱ्याला लातूरला येऊन तुम्हाला जवळजवळ हाताला धरून बसमध्ये बसवून घेऊन आल्या, आणि तपासणी झाली की लगेच तुम्ही परत गेलात. दवाखान्यात तुम्ही माझं सगळं ऐकून घेतलंत आणि एकाही गोष्टीवर काही बोलला नाहीत. म्हणून शांतपणे वाचता येईल असं लिहून पाठवते.

तुमची वरची कवळी टाळूला चिकटून राहते, तिची काळजी नाही. खाली टाळू नाही, मध्ये जीभ आहे, आणि हिरडीचा उंचवटा झिजून सपाट झालाय. तुम्ही जोरात बोललात की जीभ आणि गाल मिळून कवळी उचलतात. दुसरी नवी करून दिली तरी तीही उडेल. पण जबड्याच्या पुढच्या भागात, हनुवटीच्या वर, तुमचं हाड अजून चांगलं आहे. तिथं दोन इम्प्लांट बसतील. जागा बधिर करते, त्यामुळं दुखणार नाही, दाबल्यासारखं वाटेल. मग हाड त्यांना धरेपर्यंत तीनेक महिने थांबायचं. त्यानंतर कवळीच्या आतल्या बाजूला वाट्या बसवते आणि ती ब्लाउजच्या टिचबटणासारखी त्यांवर बसते. हाताने ओढली की निघते. रोज काढून धुवायची आणि झोपताना बाहेरच ठेवायची आहे. म्हणजे ती कवळीच राहील, दात परत उगवणार नाहीत. फक्त ती जागा सोडणार नाही.

दोन अटी आहेत. साखर ताब्यात आली पाहिजे, आणि तंबाखू पूर्ण सुटली पाहिजे. शिवाय हे पाळूनही एखादा इम्प्लांट हाडात धरत नाही असं होतं. कमी होतं, पण होतं. मी हमी देत नाही.

माझे धर्माबादचे आजोबा अडतीवर बसायचे. त्यांची कवळी कायम खिशात असायची, फोटोपुरती तोंडात जायची. शेवटची कितीतरी वर्षं ते कण्यांवर राहिले आणि आम्हाला वाटायचं त्यांना कण्या आवडतात. मी हे शिक्षण घेतलं तेव्हा ते नव्हते.

तुमचा निर्णय तुमचा. मामींना नमस्कार. राग नसावा, लोभ असेल तर वाढावा.

आपली
तनुजा


लातूर
दि. ८ डिसेंबर २०२४

चि. सौ. जगू हिस,

अण्णाचे आशीर्वाद. वि. वि.

नांदेडला खुंट्या बसवून परत आल्यापासून लिहीन लिहीन म्हणतोय. टाके निघाले, सूज उतरली, तब्येत बरी हाय.

तुला बाहेर बसवलं होतं, म्हणून आतलं सांगतो. सूनबाईनं सुई दिली तेवढी कळली. मग हनुवटी कुणा दुसऱ्याची झाल्यासारखी वाटली. मशीन सुरू झालं तेव्हा मला आपल्या मळ्यात पहिलं बोअर पाडलं ते आठवलं. तसाच घरघर आवाज, फक्त डोक्याच्या आतून. अप्पा तेव्हा देवाचं नाव घेत उभे होते, तसं मी बी घेत पडलो. सूनबाई मधूनमधून विचारायची की मामा ठीक आहात ना, अन् मी बोट वर करायचो. एवढी शांत बाई हाय गं. तिच्या हाताखालच्या पोरींना बी आवाज चढवत न्हाई. तू कशी काय तिची सासू झालीस.

तंबाखू सुटली. दोनदा चिडचिड झाली, एकदा शिवकांतावर ओरडलो. ती रागवायच्या ऐवजी डोळ्याला पदर लावून आत गेली. मला वाटलं दुखावली. तर संगमेश म्हणाला की आई आत जाऊन हसून राहिली, कारण किती महिन्यांनी बाबा ओरडले.

परवा व्यंकटी येऊन गेला. गुडघे गेलेत त्याचे. त्याची नात पुनम इथंच लातूरला तालमीत राहते अन् कुस्ती खेळते. आपल्या वेळी पोरींनी तालमीचा उंबरा ओलांडला तर वस्ताद माती बदलायचे. मी त्याला म्हणलं, शिवरात्रीच्या जत्रेपर्यंत माझं तोंड तयार होईल बघ. पहिल्यांदाच कुणाला तसं बोललो.

दाजींच्या खोकल्याला ज्येष्ठमध दे. लोभ हाय तो कमी करू नको.

तुझा
अण्णा


विष्णुपुरी
दि. ३ मार्च २०२५

तीर्थरूप अण्णास,

जगूचा शरणार्थ. वि. वि.

फेब्रुवारीत तनुजानं तपासलं त्या दिवशी तू बसमध्ये बसलास आणि खिडकीतून हातही केला नाहीस. मी बस सुटेपर्यंत उभी होते. परवा हंगरग्याची जत्रा झाली आणि तू गेला नाहीस, हे वहिनींकडून कळलं. तसंच होणार हे मला माहीत होतं.

एक इम्प्लांट हाडात धरला नाही. तनुजानं बोट लावलं तर तो हलला आणि तिला काढावा लागला. दुसरा पक्का आहे. तू तिला एकही शब्द बोलला नाहीस. बोलला असतास तर बरं झालं असतं. ती त्या दिवशी घरी येऊन जेवली नाही. तुझ्या जबड्याचे सगळे एक्स-रे पुन्हा पुन्हा लावून बघत होती, कुठं चुकलं म्हणून. शेवटी तिच्या सरांशी बोलली. ते म्हणाले की चुकलं काही नाही, शरीर कधीकधी ऐकत नाही, चार महिने जाऊ दे आणि शेजारच्या जागी पुन्हा घाल. पण ती तुला स्वतःहून पुन्हा विचारणार नाही. म्हणाली की मामांना मी एकदा आशा लावली, दुसऱ्यांदा लावायचा मला हक्क नाही.

अण्णा, तू गेल्यावर मला अव्वाची फार आठवण आली. चाळिशीतच तिचे दात गेले. पान कुटायचा तिचा खलबत्ता, त्यातलं आपण दोघं चोरून खायचो आणि जीभ रंगवून शाळेत जायचो. आपल्याला तो खेळ वाटायचा. घरात हरभरा भाजला की ती आपल्याला वाटून द्यायची आणि स्वतः नुसता वास घेत चुलीपाशी बसायची. तिला काय खावंसं वाटतं हे कुणी विचारलं नाही. अप्पांनी नाही, तू नाही, मीही नाही. दात गेले म्हणजे ते सगळं गेलं, असंच धरून चालायचे तेव्हा. तिच्या वेळी काही इलाज नव्हता. तुझ्या वेळी आहे आणि तो अर्धा झालेला आहे.

मी आग्रह करत नाही. तब्येत सांभाळ. आठवण ठेव, एवढंच मागते.

तुझी
जगू


लातूर
दि. १५ जून २०२५

चि. सौ. तनुजा हिस,

मलप्पामामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी फेब्रुवारीत तुझ्याशी न बोलता गेलो ते तुझ्यावर रागावून न्हाई. तोंड उघडलं असतं तर रडू आलं असतं, अन् बाहेर पेशंट बसले होते. जगूनं कळवलं की तू जेवली न्हाईस. असं करू नको पोरी. पैलवान पडतो, त्यात वस्तादानं उपाशी राहायचं नसतं.

आता मी का लिहून राहिलो ते सांगतो. व्यंकटीनं मागच्या महिन्यात मला ओढून तालमीत नेलं. मी गमछा तोंडावर धरून कोपऱ्यात बसलो. त्याची नात पुनम गादीवर सराव करत होती. खांदे असे हायत की बघत राहावं. सराव झाला तशी ती माझ्यापाशी येऊन बसली. म्हणाली की आजोबा तुमच्याबद्दल लई सांगतात. मग म्हणाली की ती आजपर्यंत गादीवर जितक्या कुस्त्या खेळली, त्यात माइकवर तिला लाल न्हाईतर निळी म्हणतात. अंगातल्या कपड्याच्या रंगावरून. लाल दोन गुण, निळी एक गुण. जिंकली तरी लाल जिंकली. येत्या शिवरात्रीला हंगरग्याच्या मातीत पहिल्यांदाच पोरींची कुस्ती लावायचं पंचांनी ठरवलंय, अन् तिथला नवा माणूस बी मोबाइलवरून वाचून बोलतो म्हणं. तिनं मला विचारलं की तुम्ही माझं नाव घ्याल का.

मी गमछ्याच्या आडून काय बोललो ते तिला समजलं न्हाई. तिनं दोनदा विचारलं. मग अदबीनं मान हलवून गेली. समजल्यासारखं दाखवून गेली गं. ते मला लागलं.

तर पोरी, तू मला आशा लावू नको. मीच तुला सांगतो, निघालेली खुंटी पुन्हा घाल. धरली तर धरली. न्हाई धरली तर माझं म्हणणं काही न्हाई, अन् त्या दिवशी आपण दोघं बी पोटभर जेवू. शुगरचा कागद सोबत पाठवतो, आकडा बघ, तुझी शाबासकी पाहिजे.

तुझा
मामा


लातूर
दि. २८ डिसेंबर २०२५

चि. सौ. जगू हिस,

अण्णाचे आशीर्वाद, अन् या खेपेला हसत हसत. वि. वि.

या खेपेची खुंटी धरली, अन् कवळी बसून महिना झाला. तुला फोनवर सांगितलंच हाय, पण फोनवर मी सांगतो अन् तू मधेच दाजींना हाका मारतेस. म्हणून लिहितो.

सूनबाईनं आरसा हातात दिला अन् दाब म्हणाली. दाबली तर टच् करून आवाज आला. मग ती म्हणाली की जिभेनं उचलून बघा. उचलंना. गाल फुगवून बघा म्हणाली. उचलंना. मग मीच बोट घालून ओढायला गेलो तर निघंना, घाम फुटला. आता हातोटी बसलीय. शिवकांता म्हणते की ही तुमच्यापेक्षा हट्टी निघाली.

समदं लगेच झालं असं न्हाई. पहिले आठ-दहा दिवस स म्हणलं की शिट्टी वाजायची. संगमेशला हाक मारली की दोन कुत्री यायची. सूनबाईनं सांगितलं होतं की घास दोन्ही बाजूंनी चावा, पुढच्या दातांनी तोडू नका, तसं करतो. ऊस काही आता या जन्मी सोलणं न्हाई. वर्षाकाठी आतल्या प्लास्टिकच्या वाट्या झिजतात, त्या बदलायला नांदेडला यावं लागणार. तुझ्या हातचं खायला तेवढंच निमित्त.

पण काल व्यंकटीच्या शेतात हुरडा होता. आगटीभोवती समदे बसले अन् मी बी बसलो, समद्यांकडं तोंड करून. गरम हुरडा तळहातावर घेतला, शेंगदाण्याची चटणी लावली, अन् चावला. जगू, त्याचा रस जिभेवर आला तेव्हा मला अव्वाच दिसली, तू लिहिलं होतंस तशी चुलीपाशी बसलेली. मी खाऊन राहिलो अन् डोळ्यातून पाणी. व्यंकटीला वाटलं धूर लागला.

मग विहिरीच्या कठड्यापाशी उभं राहून एक पुकारा करून बघितला, सगळ्या जोरानं. बैल बुजले, कवळी बसली तिथंच. पंचांनी मोठ्या कुस्त्या नव्या माणसाकडं ठेवल्यात, मला फक्त पोरींची दिलीय. मला तेवढीच पाहिजे होती. निलंग्याची पोरगी येणार हाय समोर. तिच्या गावी फोन करून तिच्या मायचं नाव विचारून घेतलं.

तुम्ही समदे या. येताना सूनबाईला आण. मन जवळ ठेव, मग अंतर काही लागत न्हाई.

तुझा
अण्णा


विष्णुपुरी
दि. २० फेब्रुवारी २०२६

तीर्थरूप अण्णास,

जगूचा शरणार्थ. वि. वि.

हंगरग्याहून परत येऊन दोन दिवस झाले, पण कानात हलगी चालूच आहे.

सदुसष्ट वर्षांची झाले, पण आपल्या गावच्या फडात मी परवा पहिल्यांदा पाऊल ठेवलं. पंचांनी बायांसाठी एका कडेला सतरंज्या टाकल्या होत्या. मी, वहिनी, तनुजा आणि पुनमची आई मंजुश्री, अशा पुढंच बसलो होतो. एवढी माती, एवढी माणसं, आणि मध्ये तू, डोक्याला गुलाबी फेटा. तू सदऱ्याची बटणं पुन्हा पुन्हा चाचपत होतास, ते मला दिसलं.

आधी तू निलंग्याच्या पोरीला बोलावलंस. पाहुणीचा मान पहिला. तिचं गाव, तिचा वस्ताद, तिच्या आईचं नाव, शेतात दिवसभर राबून पहाटे पोरीबरोबर धावणारी आई, असं सगळं. ती पोरगी मान वर करून मातीत आली. मग हंगरग्याची लेक एवढं म्हणालास, आमच्या बाजूला वळलास, आणि थांबलास.

अण्णा, तेव्हा काय झालं ते तुला तिथून दिसलं नसेल. हलगी थांबलेलीच होती. माझ्या शेजारच्या बाईनं तोंडावर पदर घेतला. पलीकडं दोन-तीन पोरांनी मोबाइल वर धरले. व्यंकटी पैलवान खुर्चीवरून उठून उभे राहिले. तनुजानं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. ती हळूच म्हणत होती की निघणार नाही, निघणार नाही. वहिनींनी डोळे मिटले.

मग तुझा आवाज आला. हंगरग्याची लेक, व्यंकटी पैलवानाची नात, मंजुश्रीच्या पोटची पुनम. प्रत्येक अक्षर वेगळं, भरलेलं. त्या पोरीनं माती कपाळाला लावली. मंजुश्री माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. ती म्हणाली की माझं नाव शाळेच्या हजेरीनंतर आज कुणी मोठ्यानं घेतलं. मी लग्न होऊन अठराव्या वर्षी ते गाव सोडलं, तरी हंगरग्याची लेक म्हटल्यावर मलाही वाटलं की आपल्यालाच हाक आली.

पुनम हरली. निलंग्याच्या पोरीनं पाय ओढून पट काढला आणि पुनमची पाठ मातीला लागली. आणि तू, अण्णा, त्या निलंग्याच्या पोरीचं नाव तिच्या आईसकट पहिल्यापेक्षा मोठ्यानं घेतलंस. तुझ्या आवाजामागं लोक टाळ्या वाजवायला लागले. मला राग आला होता तुझा, खोटं कशाला सांगू. मग किल्लारीच्या त्या पोराचं तू लिहिलं होतंस ते मनात आलं आणि राग गेला.

कुस्ती संपल्यावर तनुजानं तुला मांडवामागं नेऊन तोंड उघडायला लावलं. सगळं जागच्या जागी होतं. तू तिला घसा सुकला म्हणून थांबलो असं सांगितलंस. तिला ते पटलं. मला पटलं नाही. तू का थांबलास ते मला कळव.

माया असू दे, आणि उत्तर लवकर.

तुझी
जगू


लातूर
दि. १ मार्च २०२६

चि. सौ. जगू हिस,

अण्णाचे आशीर्वाद. वि. वि.

घसा सुकला न्हाई. सूनबाईला खोटं सांगितलं. तिला खरं काय ते तू सांग, मला सांगता यायचं न्हाई.

तुला आठवतं का, अप्पा मला खांद्यावर घेऊन फडात जायचे अन् तू दाराच्या चौकटीला धरून उभी राहायचीस. पोरीच्या जातीनं तिकडं जायचं नसतं म्हणून तुला घरी ठेवायचे. दिवस कलला की मी परत यायचो, अन् तू मला हातपाय बी धुवू द्यायची न्हाईस. आज काय काय झालं ते समदं सांग म्हणायचीस. मी नुसतं अमका जिंकला म्हणलं तर रुसून बसायचीस. तो दिसतो कसा, गाव कुठलं, पटका कुठल्या रंगाचा, त्याची माय कोण, पडला तो रडला का, हे बी पाहिजे तुला. मला ठावं नसलं तर मी पुढच्या जत्रेत त्याला गाठून विचारायचो, तुला सांगायला. मग उंबऱ्यावर बसून दोन्ही पैलवान मीच व्हायचो, अन् तू गुडघ्याला मिठी मारून ऐकायचीस.

लोक म्हणतात, मलप्पाला पुकाऱ्याची देणगी हाय. देणगी कसली. तुला दिसावं म्हणून मी बोलायला शिकलो. पुढं हजारो माणसं समोर आली, पण बोलताना डोळ्यापुढं ते दारच असायचं. हे मला बी परवापर्यंत कळलं नव्हतं.

त्या दिवशी हंगरग्याची लेक म्हणलो अन् मान वळवली, तर सतरंजीवर पहिल्या रांगेत तू. डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला, तोंड उघडं टाकून मातीकडं बघत बसलेली. मला पुढचं सुचंना. जिला सांगायचं ती तर स्वतःच बघून राहिली. आता मी काय सांगू.

मग तू माझ्याकडं बघितलंस, लहानपणी बघायचीस तसं, पुढं काय म्हणून. तेव्हा बोललो.

शिवकांता सांगून राहिली की तिचा बी शरणार्थ लिही. दाजींना नमस्कार. सूनबाईला जवळ घेऊन माझा आशीर्वाद दे. मी इथं खुशाल हाय, तुम्ही तिथं खुशाल राहा, अन् या म्हाताऱ्यावर जीव असू दे.

तुझा
अण्णा